दुसऱ्या व्हायोलिनचा कागद

आमच्याकडे लग्नाची वरात निघाली, की बँडवाला अर्ध्या तासाच्या आत एका ठरावीक गाण्यावर येतोच. ट्रंपेटवर त्याची ओळख पटायचा अवकाश, घामाने डबडबलेले मामा, आतेभाऊ आणि नवरदेवाचे कॉलेजातले मित्र हात वर करून एकमुखाने आपले नाव सांगू लागतात, आणि ते नाव प्रत्येकाचे एकच असते. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या अशाच एका वरातीत मी शेजारी नाचणाऱ्या पुतण्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "अरे, अँथनी गोन्साल्विस हे एका व्हायोलिनच्या मास्तरांचं खरं नाव आहे, ठाऊक आहे का तुला?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, "काका, काय पण!" म्हणाला आणि पुन्हा नाचू लागला. त्याचे काही चुकले नाही. 'अमर अकबर अँथनी'त भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ डोळ्यांसमोर असताना त्याच्या मागे हातात गज घेऊन उभा असलेला गोवेकर मास्तर दिसणार तरी कसा? मलाही तो बऱ्याच उशिरा दिसला, आणि दिसला तो माहीमच्या एका तिसऱ्या मजल्यावरून.

माझे लहानपण माहीमला गेले. दादरला एका वयोवृद्ध गुरुजींकडे मी व्हायोलिन शिकायला जात असे. मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकवायचे, तारा षड्ज-पंचमात लावायच्या आणि भूपापासून आरंभ करून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकामागून एक द्यायच्या, असा तो रिवाज होता. आमच्या इमारतीत वर एक गोवेकर अंकल राहत. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊन त्यांनी उभे आयुष्य व्हायोलिन वाजवले होते, आणि मी ओळखू लागलो तोवर त्यांचे काम बरेच कमी झाले होते. एके दिवशी जिन्यात माझ्या हातातली पेटी पाहून त्यांनी मला वर बोलावले. मी सवयीने त्यांच्या फरशीवर बसकण मारली आणि पेटी उघडू लागलो, तशी त्यांनी ती पायाने हलकेच सरकवून दूर केली आणि म्हणाले, "पयलीं गाय, मागीर वाजय."

मी अकरा वर्षांचा होतो आणि मला कोकणीचा गंध नव्हता. आधी गाय आणि मग वाजवणे, या दोहोंचा संबंध काय, म्हणून मी खोलीत खरोखरच इकडे तिकडे पाहिले. अंकल खो खो हसले. कोकणीत 'गाय' म्हणजे गा. मग त्यांनी भिंतीला टेकून ठेवलेल्या लाकडी घोडीवर एक कागद लावला, उजव्या हाताने हवेत ताल धरला आणि त्या पाच रेघांवरचे ठिपके दो, रे, मी करत मला गाऊन दाखवले. जे गळ्यातून निघत नाही ते गजातून निघणार नाही, हा त्यांचा दंडक होता आणि त्यात सवलत नव्हती. पुढचे तीन महिने मी त्यांच्याकडे जाऊन नुसता गात होतो. दादरच्या गुरुजींना हे सांगायची माझी छाती झाली नाही, पण एका गोष्टीचा मला अचंबा वाटे: तेही मला हेच सांगत, आधी गाऊन दाखव.

अँथनी गोन्साल्विस हे नाव त्याच खोलीत माझ्या कानावर पहिल्यांदा माणसाचे नाव म्हणून पडले. अंकल ते उच्चारताना किंचित सावरून बसत.

गोन्साल्विसांचा जन्म १२ जून १९२७ रोजी गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचा. कोकण रेल्वेने मडगावला जाताना मडगावच्या जरा आधी हे स्थानक लागते, आणि बहुतेक गाड्या तिथे न थांबता निघून जातात. गोव्यात पाव भाजण्याची कला आधी या गावाने उचलली, असे गोवेकर अभिमानाने सांगतात. युरोपातून आलेली जी गोष्ट गोव्याने पचवून स्वतःची केली तिच्यात पावाच्या बरोबरीने व्हायोलिनही आहे. इतके, की कोकणीत त्याला आपला 'रेबेक' हा शब्द आहे आणि म्हातारी माणसे व्हायोलिन असे म्हणतही नाहीत. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेसोबत नोटेशन वाचून गायला शिकवत. ते शिकवणारा तो 'मेस्त'. तो बहुधा व्हायोलिनही वाजवी, चर्चचा गायकवृंद सांभाळी आणि सणासुदीला गावच्या वाद्यवृंदाचा म्होरक्याही होई. माजोर्ड्याच्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते गोन्साल्विसांचे वडील. म्हणजे ज्या वयात आमच्याकडची मुले परवचा म्हणत त्या वयात हा मुलगा पाच रेघा वाचत होता, आणि ते वाचणे त्याला विद्येसारखे न वाटता घरच्या बोलीसारखे वाटत असणार.

१९४३ साली, सोळाव्या वर्षी, ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले.

तेव्हाच्या मुंबईत सिनेसंगीताची एक विचित्र अडचण होती, आणि गोवेकरांचे नशीब त्या अडचणीने उघडले. संगीतकाराजवळ चाल असे, बंदिशींचा साठा असे, रागाची जाण असे. मात्र तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचे हे त्याला कागदावर उतरवता येत नसे. उलट गोव्याहून आलेल्या वादकाला समोर ठेवलेला कुठलाही कागद पहिल्या नजरेत वाजवता येई, पण मारव्यात आणि पूरियात फरक काय, हे विचारले तर तो खांदे उडवी. या दोघांच्या मधे जो माणूस बसला त्याला 'अरेंजर' म्हणू लागले. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे. अरेंजर ती उतरवून घेई, तिच्याखाली कुठला सूरमेळ, म्हणजे कॉर्ड, बसेल ते ठरवी, दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत काय घडावे ते बऱ्याचदा स्वतःच रचे, आणि मग पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, चेलो, बासरी, क्लॅरिनेट अशा प्रत्येकासाठी रात्र रात्र जागून वेगळा कागद लिही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा फ्रँक फर्नांड, ही याच पंगतीतली माणसे. पडद्यावर संगीत दिग्दर्शकाचे नाव येई. अरेंजरचे नाव आले तर साहाय्यक म्हणून खालच्या अंगाला, आणि वादकांच्या नावांचा प्रश्नच नव्हता.

अंकलनी मला असा एक कागद दाखवला होता. पिवळा पडलेला, चार घड्यांच्या ठिकाणी विरलेला, शाईने लिहिलेला आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. काही स्वरांच्या डोक्यावर खालून उघड्या चौकटीसारखी खूण होती, तिथे गज खाली ओढायचा. काहींवर इंग्रजी व्ही होता, तिथे वर ढकलायचा. सोळा व्हायोलिनांचे सोळा गज एकाच दिशेने गेले नाहीत, तर आवाज फाटतो, हे मला त्या पेन्सिलीने शिकवले. दादरला मी एकटाच वाजवत होतो. माझा गज कुणीकडे जातो याची कुणाला पडली नव्हती. "आमी सेकंड व्हायोलिन," अंकल म्हणत. "गाणं पुढच्यांचं. आमची गादी. गादी नसली तर बसणाऱ्याला कळतं, असली तर नाय कळत."

गोन्साल्विसांचे वेगळेपण हे, की त्यांचे खांदे उडवून भागले नाही. स्टुडिओत आजूबाजूला जे हिंदुस्थानी संगीत वाजत होते त्याचा त्यांना अक्षरशः नाद लागला. चर्चमध्ये वाढलेल्या कानाला राग ही नुसती गोड चाल न वाटता एक शिस्तीची इमारत आहे, तिची दारे कुठे उघडतात आणि कुठे उघडायची नाहीत, हे त्यांना उमगले, आणि पुढचे त्यांचे सगळे काम या उमगण्यातून आले. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण तो युरोपातल्या रचना वाजवणारा वाद्यवृंद होता. गोन्साल्विसांना वाद्यवृंद तोच, पण त्याच्यापुढे ठेवायचा कागद इथला हवा होता.

ते शिकवत. वांद्र्याच्या घरी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्यांत रामप्रसाद शर्मा या ट्रंपेटवादकाचा मुलगा प्यारेलाल होता, आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांचा मुलगा राहुलही. साठच्या दशकापासूनच्या हिंदी सिनेसंगीताचा केवढा मोठा हिस्सा या दोन पोरांच्या हातून गेला, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या शिकवणीच्या खोलीचे मोल कळते. मला मात्र त्यातही प्यारेलाल यांचे शिकणे अधिक विचार करायला लावते. घरची परिस्थिती बेताची, वय आठ-नऊ, आणि रोजचा रियाज कित्येक तासांचा. पुढे त्यांची व्हायोलिनवर अशी हुकमत बसली, की परदेशी जाऊन तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवायचे त्यांच्या मनाने घेतले होते. मेंडोलिन वाजवणाऱ्या लक्ष्मीकांत कुडाळकर यांनी त्यांना थोपवले, आणि १९६३ सालच्या 'पारसमणी'पासून लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे जोडनाव पडद्यावर दिसू लागले.

या जोडीची गाणी मी लहानपणी नाके मुरडत ऐकली, हे कबूल करतो. ढोलकाचा भडिमार फार, असे आमच्या दादरच्या वर्गात सर्वांचे ठाम मत होते. अंकलच्या खोलीतून शिकून आल्यावर मात्र मी त्या ढोलकाच्या मागे पाहू लागलो, आणि मागे तारांची एक भिंत उभी होती. ती नुसती चालीबरोबर चालत नव्हती. गायक श्वास घेई तिथे ती पुढे सरके, शब्द आला की मागे हटे, आणि कधी कधी चालीच्या उलट दिशेने उतरत जाऊन शेवटच्या स्वरावर तिला भेटे. 'शोर'मधल्या 'एक प्यार का नग़्मा है'च्या आधी येणारी व्हायोलिनची ओळ तर ज्याला सा कुठला आणि प कुठला कळत नाही तोही गुणगुणू शकतो. ती गुणगुणता येते, यातच तिचे शिक्षण आहे. ती आधी गायलेली आहे.

१९५८ साली गोन्साल्विसांनी जे केले ते आजही छातीचे काम ठरेल. त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सुमारे ११० वादक एकत्र आणले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना एकल गायनासाठी बोलावले आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी प्रांगणात आपल्या रचना सादर केल्या. दिवसा तारदेवच्या स्टुडिओंत तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बसणारे हेच वादक इथे त्यांच्यातल्याच एकाने रचलेले लांब पल्ल्याचे संगीत वाजवत होते. गोन्साल्विसांच्या रचनांची नावेच त्यांचा बेत सांगतात: एक 'सोनातिना इंडियाना', आणि दुसरी राग सारंगमधली व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची कॉन्चेर्तो, म्हणजे साचा युरोपचा आणि सूर इथले.

सारंगच का, हा प्रश्न मला काही वर्षे छळत होता. यमन किंवा बिलावल घेतला असता, तर पाश्चात्य सूरमेळाला ते राग अगदी सोयीचे. भूप घेतला असता, तरी पंचाईत नव्हती. एका रविवारी भर दुपारी, म्हणजे सारंगाच्या वेळेलाच, मी बाजाची पेटी घेऊन बसलो आणि वृंदावनी सारंगात किती त्रिस्वर बसतात ते शोधू लागलो. या रागात गंधार नाही आणि धैवतही नाही. पाश्चात्य संगीतात षड्जावरचा घरचा मेळ सा, ग, प असा तीन स्वरांचा. त्यातला गंधार शुद्ध की कोमल, यावर तो मेळ हसरा की उदास हे ठरते. सारंगात तो गंधारच नाही, तेव्हा घरी परत आल्यावर हाताशी उरतात फक्त सा आणि प. रिकाम्या खोलीत पाऊल टाकल्यासारखा तो आवाज. मध्यमावर मेळ बांधावा तर धैवत लागतो, ऋषभावर बांधावा तर पुन्हा धैवतच. पंचमावर मात्र एकदम गंमत आहे: प, नी, रे. आरोहात शुद्ध निषाद येतो, तेव्हा तो मेळ मेजर, म्हणजे हसरा. अवरोहात कोमल निषाद आला, की तोच मेळ त्याच जागी बसल्या बसल्या मायनर, म्हणजे उदास, होतो. आणि कोमल निषादावर नी, रे, म असा आणखी एक मेळ निघतो, जो ऐकताना सारंग क्षणभर समुद्रापार जाऊन आल्यासारखा वाटतो. घर उघडेबोडके आणि ओसरी तेवढी सजलेली, असा हा राग आहे. ज्याला दोन्ही बाजूंची भाषा येते त्यालाच या अडचणीत मौज दिसेल, आणि गोन्साल्विसांना तशी मौज दिसली असावी, अशी माझी त्या दुपारपासून पक्की समजूत आहे.

तंबोरा लावल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जोडीच्या तारा नीट लागल्या, की कुणीही न छेडलेला गंधार त्यांच्यातून आपोआप ऐकू येऊ लागतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. रागाने वर्ज्य केलेला स्वर रागाच्या मागे सारखा तेवत असतो. पेटीवर मी तो दाबला नाही.

१९६५ साली न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्युज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर गोन्साल्विस अमेरिकेला गेले. तिथून पुढे परतले ते मुंबईच्या स्टुडिओंत न येता माजोर्ड्याला, आपल्या गावी. ज्या धंद्यात माणूस आठवडाभर दिसला नाही तर त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो तिथे ही सुटी फार लांब होती. सिनेमासाठी ते परत कधी आले नाहीत, आणि हळूहळू वादकांच्या दोन पिढ्यांखेरीज ते नाव कुणाच्या तोंडी राहिले नाही.

मग १९७७ साल आले. मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या अँथनीचे आडनाव आधी फर्नांडिस होते. ते गाण्यात नीट बसेना, तेव्हा प्यारेलाल यांनी गोन्साल्विस हे आडनाव सुचवले. आनंद बक्षी यांनी ते शब्दांत बसवले, किशोरकुमार यांनी गायले, आणि बाकीचे आपल्या वरातींना ठाऊक आहे.

याला गुरुदक्षिणा म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती आहेही. पण माझे मन तेवढ्यावर थांबत नाही. पडद्यावरचा अँथनी वांद्र्यात गावठी दारूचा अड्डा चालवतो. हिंदी सिनेमाने गोवेकर ख्रिश्चनाला बहुधा दारूच्या बाटलीबरोबरच पाहिले, आणि त्याच सिनेमाच्या गाण्यांना ज्याने पाठीचा कणा दिला त्याचे नाव शेवटी त्या बाटलीवर चिकटावे, हे मला प्रथम कळले तेव्हा बोचले होते. अंकलपाशी मी तसे बोललोही. ते कान कोरत ऐकत होते. म्हणाले, "बाबा, आमच्यापैकी कोणाचं नाव कोणी घेतलं? त्याचं घेतलं ना? मोठ्यानं घेतलं ना?"

यावर मला उत्तर सुचले नव्हते. आपल्या मैफिलीत गायक मंचावर बसला, की निवेदक आधी त्याच्या गुरूचे नाव सांगतो. शिष्य स्वतः ते घेतो तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतो. सिनेमाच्या वादकाला असा मंच नाही, निवेदक नाही, घराणे नाही. प्यारेलाल यांच्या हाती एक गाणे तेवढे होते. श्रेयनामावलीत ज्या नावाला जागा मिळत नव्हती ते त्यांनी थेट नायकाच्या तोंडी घातले, आणि तेही अशा ठिकाणी, की ते कापून टाकायचे तर गाणेच कापावे लागावे. कारागिराची ही चलाखी आहे. २०२४ साली प्यारेलाल यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा बातमी वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते आडनाव दुसऱ्याचेच होते.

गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात वारले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांची ओळख करून देताना त्या गाण्याचाच आधार घ्यावा लागला.

अंकल त्याच्या पुष्कळ आधी गेले. त्यांच्या मुलीने घर आवरताना मला बोलावून तो पिवळा कागद दिला. आता तो माझ्या व्हायोलिनच्या पेटीत, राळेच्या वडीखाली असतो. कधीतरी मी तो घोडीवर लावतो. वर इंग्रजीत 'सेकंड व्हायोलिन' आणि एक आकडा. गाण्याचे नाव नाही, सिनेमाचे नाही, संगीतकाराचे नाही, लिहिणाऱ्याचे नाही. लहानपणी मला वाटे, लिहिणाऱ्याने निदान सही तरी केली आहे, कारण पान संपते तिथे खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'व्ही. एस.' असे लिहिलेले आहे. हे व्ही. एस. कोण, असे मी अंकलना विचारले होते, आणि गायीनंतर ते तितकेच हसले होते. वोल्ती सुबितो, पान चटकन उलट.

दुसऱ्या व्हायोलिनच्या कागदावरून गाणे ओळखता येत नाही, कारण त्यात चालच नसते. चार मात्रांचे लांब स्वर, मग सोळा बारांची, म्हणजे तालाच्या सोळा घरांची, विश्रांती, मग एक उतरती ओळ, ती दोनदा. मी ते आधी गातो. विश्रांतीचे सोळा बार बोटांवर मोजतो, उतरती ओळ येते तिथे गज वर ढकलतो, आणि कोपऱ्यातली ती दोन अक्षरे आली, की कागद उलटतो.